झेंडे, ध्वज, निशाणं, बावटे

ग्रामसेवकाचं काम काय, असं विचारलं की लोक घरपट्टी, पाणीपट्टी आणि जन्माचा दाखला सांगतात. झेंड्यांचं कुणी सांगत नाही. मला या नोकरीत नऊ वर्षं झाली. मधे सरकारने आमचं पदनाम बदललं, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं आणि मला नुसतं मॅडम. या नऊ वर्षांत लोक माझ्यावर सर्वांत जास्त ओरडले ते पाण्यावरून नाही, कापडाच्या तुकड्यांवरून.

बाहेरच्या माणसाला वाटतं, झेंड्याचा कायदा कुठेतरी एका पानावर छापलेला असेल. तसा तो नाही. थोडा ध्वजसंहितेत आहे, थोडा मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धच्या कायद्यात, थोडा निवडणुकीच्या आचारसंहितेत आणि उरलेला वरून आलेल्या पत्रात. सगळ्याचं सार सांगायचं तर असं: सरकारी इमारतीच्या आणि शाळेच्या खांबावर तिरंगाच लागतो. त्याच्या वर, त्याच्या बरोबरीला, त्याच दोरीवर दुसरं काही लागत नाही. विजेचा खांब, शाळेची भिंत, जेट्टी, पुलाचा कठडा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिथे परवानगीशिवाय कुणी काही बांधायचं नाही. कागदावर हे एवढं सरळ आहे. कागद आणि गाव यांच्यामध्ये आम्हाला नेमलेलं असतं.

पहिल्या गावात सरपंचांनी स्वातंत्र्यदिनाला ध्वजस्तंभासाठी झेंडूचा चार हात लांब हार मागवला होता. मी सांगितलं, ध्वजात पाकळ्या बांधता येतात, खांबाला हार घालता येत नाही. हार तर आला होता आणि फुलवाला पैसे परत घेईना. शेवटी तो हार त्यांनी माझ्याच गळ्यात घातला. ते नियमात बसत होतं. त्याच गावात मुंबईहून निवृत्त होऊन आलेले एक काका होते. ते दर ऑगस्टमध्ये अर्ज करायचे. एकदा खांब दोन बोटं कलला आहे म्हणून, एकदा शाळेच्या पताका तिरंग्यापेक्षा उंच गेल्या म्हणून. त्यांना सगळे हसायचे. मी हसत नव्हते. काका बरोबर असायचे. पताका मी स्वतः स्टुलावर चढून खाली बांधल्या.

मी अशी का आहे, तेही सांगायला हवं. माझे बाबा सावर्ड्याला ट्रेडल मशीनवर पत्रकं छापायचे. मोर्चाची, संपाची, धरणात गेलेल्या जमिनीची, कधी पगार थकलेल्या शिक्षकांची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या प्रुफांवर. ‘निषेध’मधला पोटफोड्या ष मला शहाळ्याच्या श आधी येत होता. बाबांचा एक धडा होता, पत्रकात पळवाट ठेवायची नाही. ते म्हणायचे, नुसतं ‘कामगार’ लिहिलंस तर मालक म्हणेल की हे कामगार नाहीत, हे मजूर आहेत. म्हणून कामगार, मजूर, हेल्पर, रोजंदार, सगळं लिहायचं. एकही शब्द त्याच्यासाठी मोकळा सोडायचा नाही.

हा धडा माझ्या अंगात इतका मुरला होता की त्यानेच एका माणसाचा हात मोडला. मला लिहायचं आहे ते त्याबद्दल.

माझी तिसरी बदली एका खाडीकाठच्या गावी झाली. नाव लिहीत नाही. रत्नागिरीकर ओळखतील, बाकीच्यांना गरज नाही. मी मांडवीला भाड्याने राहत होते. रोज सकाळी भाट्याचा पूल ओलांडून स्कूटरवर जायचे. गावात वरच्या अंगाला वाड्या, खाली जेट्टीजवळ मोहल्ला आणि दोघांच्या मध्ये जिल्हा परिषदेची शाळा. दोन शिक्षक, एकतीस मुलं. पट आणखी घसरला तर शाळा बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मग त्या मुलांनी रोज तीन मैल चालत पलीकडच्या गावी जायचं.

शाळेचं मैदान म्हणजे पूर्वापार गावाची सहाण, शिमग्यात पालखी जिथे बसते ती जागा. पालखीबरोबर देवाचं निशाण येतं. जांभ्यात कोरलेल्या एका भोकात त्याची काठी उभी राहते. हे शाळेच्या आधीपासून चालत आलेलं होतं. त्यावर कुणाची तक्रार नव्हती, माझीही नव्हती.

त्या वर्षी शिमगा झाला, पालखी देवळात गेली आणि दोन दिवसांनी शाळेच्या ध्वजस्तंभावर भगवा झेंडा दिसला. लावणाऱ्याने लपवलं नाही. संदेश नावाचा तिशीतला तरुण. मुंबईत कुरिअरच्या कंपनीत काम करायचा, ते सोडून गावी आला होता. हुशार, वाचणारा, गावासाठी रात्रंदिवस धावणारा. टँकर येत नव्हता तेव्हा त्यानेच तहसील गाठलं होतं. मला तो आवडायचा, म्हणून जास्त राग आला. चार दिवसांत मोहल्ल्यातल्या पोरांनी जेट्टीवरच्या दिव्याच्या खांबांना हिरवे झेंडे बांधले. मग वरच्या रस्त्यावर भगवे वाढले. मग पुलाच्या कठड्यावर दोन्ही.

शाळेच्या मुख्याध्यापिका, देसाई बाई, मला फोनवर म्हणाल्या, “मॅडम, मुलांना मी रोज त्या खांबासमोर उभं करते. आता कुणासमोर उभं करू?”

त्या आठवड्यात मोहल्ल्यातली अकरा मुलं शाळेत आली नाहीत. बाप म्हणाले, झेंडा उतरेल तेव्हा पाठवू. वाडीतले म्हणाले, जेट्टी साफ करा, मग आम्ही उतरवू. दोन्हीकडची मोठी माणसं एकमेकांकडे बोट दाखवत होती आणि मध्ये पट घसरत होता.

वरून पत्र आलं की सार्वजनिक मालमत्तेवरचे विनापरवाना झेंडे काढून अहवाल द्या. मला तेवढंच हवं होतं. त्या दुपारी मी ग्रामपंचायतीच्या खोलीत बसून नोटीस लिहिली. सरपंच म्हणाले, जरा मवाळ लिहा. मी मवाळ लिहिलं नाही. नुसतं ‘झेंडे’ लिहिलं असतं तर संदेश म्हणाला असता की हा ध्वज आहे. ‘ध्वज’ लिहिलं असतं तर मोहल्ल्यातले म्हणाले असते, हे निशाण आहे. मी सगळी दारं बंद केली. “सार्वजनिक जागेवरील व मालमत्तेवरील सर्व झेंडे, ध्वज, निशाणं, बावटे, कोणत्याही रंगाचे, कोणाचेही, अठ्ठेचाळीस तासांत काढावेत, अन्यथा ग्रामपंचायत काढील.” वाचताना मला आत छान वाटलं होतं, हे कबूल करते. एका ओळीत चार शब्द, एकामागून एक, हातोडीसारखे.

अठ्ठेचाळीस तासांत कुणी काही काढलं नाही. मग मी आणि आमचा शिपाई गणपत असे दोघं शिडी घेऊन निघालो. शाळेच्या खांबापासून सुरुवात केली. संदेश आणि सातआठ जण फाटकाशी उभे होते. अडवलं नाही, मोबाइलवर चित्रण करत राहिले. झेंडा मी स्वतः उतरवला, नीट घडी घातली आणि संदेशच्या हातात दिला. तो म्हणाला, “आता खाली पण जाणार ना? की इथेच हिंमत संपली?” मी म्हटलं, सगळे म्हणजे सगळे.

दुपारपर्यंत रस्त्यावरचे झेंडे उतरवून झाले. मला पंचायत समितीत मीटिंग होती, म्हणून जेट्टीचं काम गणपतवर सोपवून मी निघाले. स्कूटर सुरू केली तेव्हा तो मागून आला. गणपत कमी बोलणारा माणूस, एक गोष्ट दोनदा विचारत नाही.

“मॅडम, बावटे पण?”

मी हेल्मेट घालत होते. म्हटलं, “कागदात काय लिहिलंय?”

तो बरं म्हणाला आणि गेला.

बावटा म्हणजे मला झेंड्याचा आणखी एक शब्द होता. बाबांच्या पत्रकांत लाल बावटा यायचा, तेवढाच मला ठाऊक. खाडीकाठी तो शब्द वेगळा होता. जेट्टीच्या टोकाला एक लोखंडी पाइप रोवलेला होता आणि त्यावर लाल कापड. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे. भरतीला त्याची भीती नसते. ओहोटीला तो हातभर पाण्याखाली असतो आणि दिसत नाही. समुद्रावरून होडी आत आणणारा तांडेल ते लाल कापड बघत यायचा. कापड आणि मागच्या टेकडीवरची पाण्याची टाकी एका रेषेत आली की होडी वळवायची, म्हणजे खडक डाव्या हाताला सुटतो. हे कापड कुणी लावलं, कधी लावलं, याचा कागद नव्हता. परवानगी तर नव्हतीच. माझ्या नोटिशीप्रमाणे तो विनापरवाना बावटा होता आणि गणपतने तो काढला.

गणपत त्याच गावचा. त्याला बावटा कशासाठी आहे हे माहीत होतं. म्हणूनच त्याने विचारलं होतं. माझ्यासमोर आणखी बोलायची त्याला सोय मी ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास, ओहोटीला, दाऊदचाचांची होडी आत येत होती. दाऊदचाचा साठी ओलांडलेले, मोहल्ल्यातले जुने तांडेल. होडीवर चौघं होते, त्यातला एक संदेशचा सख्खा मामा. समोर ऊन, पाण्यावर चकाकी. चाचांनी बावटा शोधला, दिसला नाही. अंदाजाने वळले आणि होडी खडकावर घासली. फळी फुटली. मामा पाण्यात पडला, त्याला बाकीच्यांनी ओढून घेतलं. सुकाणूचा दांडा उलटा फिरला आणि चाचांचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला.

मी जेट्टीवर पोचले तेव्हा ते पायरीवर बसले होते. हात पंच्यात बांधलेला. भोवती वाडीतले आणि मोहल्ल्यातले दोन्ही. चाचांनी गणपतकडे पाहून विचारलं, बावटा कुणी काढला.

मी म्हटलं, “मी काढला, चाचा.”

ते माझ्याकडे वळले. “का गो बाय? तो कुणाला काय बोलला होता?”

 

पुढचे दिवस वाईट गेले. बावटा त्याच संध्याकाळी परत लागला, मीच लावायला लावला. आणि तिथेच कोंडी झाली. संदेशचा राग खरा होता, त्याचा मामा बुडता बुडता वाचला होता. पण त्या रागाला त्याने मुद्दा जोडला. बावटा परत लागतो, मग आमचा झेंडा का नाही? मॅडमचा कायदा मोहल्ल्याला एक आणि वाडीला एक? खालचे तरुण म्हणत होते, बावटा आमचाच, त्याच्या शेजारी हिरवा लावला तर बिघडलं काय. झेंडा परत चढेल म्हणून शाळेत मुलं अजून वीसच येत होती. एक मेला ध्वजारोहण आणि त्यानंतर ग्रामसभा होती. झेंडे परत लावण्याचा ठराव त्या सभेत येणार, हे उघड होतं.

सरपंचांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, नुसता दमलेला. म्हणाले, “मॅडम, चूक कबूल करू नका. वाऱ्यानं पडला म्हणू. एकदा चूक मान्य केलीत की ते म्हणतील, सगळी नोटीसच चुकीची. मग शाळेचा खांबही गेला.”

हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता. त्या रात्री मी सावर्ड्याला फोन केला. बाबांना वाटलं पगार थकला. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, “पत्रकात चूक गेली तर शुद्धिपत्र काढायचं. त्याच आकाराच्या टायपात. चूक मोठ्या अक्षरात आणि माफी बारीक अक्षरात, असं आपण कधी छापलं नाही.”

एक मेला सकाळी तिरंगा चढला. मग शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. एवढी गर्दी त्या गावच्या सभेला मी पाहिली नव्हती. एरवी कोरम भरायला गणपत घरोघर फिरतो. मी उभी राहिले आणि कागद वाचला. नोटिशीत ‘बावटे’ हा शब्द मी लिहिला. त्याचा अर्थ मी गावाला विचारला नाही. शिपायाने विचारलं तेव्हा मी ऐकलं नाही. त्यामुळे होडी फुटली आणि दाऊदचाचांचा हात मोडला. तो शब्द मी मागे घेते. बाकीचे तीन मागे घेत नाही.

संदेश उठला. तो चांगलं बोलतो. त्याने आरडाओरडा केला नाही. म्हणाला, “मॅडमनी कबूल केलं, मी मान देतो. पण आता सरळ सांगा. मोहल्ल्याचा बावटा सार्वजनिक जेट्टीवर राहणार आणि गावाचा झेंडा गावाच्या शाळेवर नाही, हा कुठला न्याय?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण दाऊदचाचा आधीच उभे राहिले होते. हात गळ्यात बांधलेला.

“मोहल्ल्याचा बावटा?” ते म्हणाले. “संदेशा, तुझा मामा कुठच्या मोहल्ल्यातला रं?”

लोक हसले. संदेशही जरा हसला.

“बावटा आमचा नाय,” चाचा म्हणाले. “तो खडकाचा हाय. झेंडा सांगतो हितं कोण हाय, बावटा सांगतो हितं काय हाय. शाळंच्या पायाखाली खडक असंल तर लाव बाबा, मी सोता येतो काठी धरायला.” मग ते आपल्या पोरांकडे वळले आणि शिव्या हासडल्या. ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मतलब एवढाच, की त्या पाइपावर लाल सोडून दुसरं फडकं दिसलं तर ते पहिलं चाचांच्या डोळ्यांत खुपेल, कारण रेष त्यांना धरायची असते.

आता सगळे बाबूतात्यांकडे बघू लागले. बाबूतात्या पालखीचे मानकरी, वाडीत त्यांचा शब्द शेवटचा. संदेशचा सगळा जोर त्यांच्यावर होता. तात्या बसूनच बोलले.

“निशाण आमचं हाय, ते कुणी काढायचं नाय,” ते म्हणाले. संदेशने मान हलवली. “पण त्याला रीत हाय. देव सहाणेवर बसला की निशाण उभं. देव उठला की निशाण आडवं. देव देवळात नि निशाण शाळेवर, असं माझ्या आज्यानं पण बघितलं नाय. हे तू कुठून आणलंस, संदेश?”

संदेश म्हणाला, “तात्या, काळ बदलला.”

“काळ बदलला तर मंग देवाला विचारून बदल. मला तरी तो काय बोलला नाय.”

ठराव मी तिथेच लिहिला, आणि या वेळी प्रत्येक शब्द मोठ्याने वाचून. शाळेच्या खांबावर राष्ट्रध्वजाशिवाय काही नाही. शिमग्यात पालखी सहाणेवर असेपर्यंत निशाण आपल्या जागी, तेवढ्यापुरती ग्रामपंचायतीची परवानगी. जेट्टीच्या टोकाचा लाल बावटा ही धोक्याची खूण, ती ग्रामपंचायत सांभाळील. बाकी खांब, कठडे, भिंती मोकळ्या. हात वर झाले. विरोधात संदेश आणि आणखी नऊ जण. मी त्यांची नावं इतिवृत्तात लिहून घेतली. तो त्यांचा हक्क आहे.

शुद्धिपत्र जिथे जिथे नोटीस लागली होती तिथे तिथे लागलं, त्याच टायपात. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा अकरांतली नऊ मुलं परत आली. दोघांना बापाने शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं, ती आली नाहीत. शाळा टिकली.

दाऊदचाचांचा हात जुळला, पण मनगट पुरतं वळत नाही. सुकाणू आता त्यांचा पुतण्या धरतो आणि चाचा पुढे बसून त्याला रेष सांगतात. मला भेटले की चहा पाजतात. या चहाने माझं काही हलकं होत नाही.

संदेशने माझ्याविरुद्ध तक्रार केली. त्याच्या अर्जाला लागणारी ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मीच दिली. चौकशीत मला विचारलं, बावटा कोणाच्या आदेशाने काढला? मी लिहिलं, माझ्या. शिपायाचा संबंध नाही. सेवापुस्तकात ताकीद लागली. ती न्याय्य आहे आणि मी तिच्याविरुद्ध अपील केलं नाही. त्याच पानावर, त्याच वर्षी, सार्वजनिक मालमत्तेवरील झेंडे काढल्याबद्दल ‘कार्यवाही पूर्ण’ अशीही नोंद आहे. दोन्ही खऱ्या आहेत.

मी अजून त्याच गावात आहे. दर राष्ट्रीय सणाला संध्याकाळी तिरंगा उतरवायच्या वेळी संदेश शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. सूर्यास्ताची मिनिटं बघतो, घडी नीट घातली का बघतो, मोबाइल काढतो. मी कुठे चुकते याची तो वाट पाहतो आहे. गणपत चिडतो, म्हणतो याला हाकला. मी हाकलत नाही, उलट वेळ आधी कळवते. माझी चूक शोधायला आलेला माणूस, खांब रिकामा आहे, त्यावर कुणाचंच काही नाही, हेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच घरी जातो.